आधी चूक, मग मजकूर: कॉलबॅकची कुळकथा

देऊळगाव राजा तालुक्यात शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची, काकडीचं बियाणं पिकवणारे शेतकरी पुष्कळ आहेत. बियाणं कंपनीकडे गेलं की त्याची उगवण तपासतात, शुद्धतेसाठी जीओटी (ग्रो-आउट टेस्ट, म्हणजे झाडं वाढवून पाहायची चाचणी) करतात. निकालाची वाट पाहत शेतकरी कंपनीच्या दारात बसत नाही, पुढच्या कामाला लागतो. लॉट नंबर असतोच, निकाल लागला की निरोप येतो. आधी दिलेल्या लॉटचा निकाल आधीच लागेल, असंही नसतं. जावास्क्रिप्टमध्ये एका दमात अनेक फायली वाचायची कॉलबॅकची रीत अशीच चालते.

काम झाल्यावर काय करायचं ते सांगणारं फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या हवाली करायचं, ही यातली मूळ कल्पना. तिचं घराणं लिस्पचं. जॉन मॅकार्थी यांनी 1958 मध्ये लिस्पवर काम सुरू केलं. पुढे त्याच घराण्यात स्कीम ही भाषा आली. 1995 मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला, तेव्हा हा गुण त्यांनी स्कीमकडून घेतला. बटण दाबलं की हे फंक्शन चालव, इतपतच त्याचा तेव्हा उपयोग होता.

फायलींचा प्रश्न आला 2009 मध्ये, जावास्क्रिप्टला ब्राउझरबाहेर चालवणाऱ्या रायन डाल यांच्या नोड.जेएसबरोबर. त्या नोव्हेंबरात बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये त्यांनी हिशोबच मांडला: मेमरीतून काही आणायला प्रोसेसरची सुमारे 250 आवर्तनं लागतात, डिस्कवरून आणायला 4 कोटी 10 लाख. एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालणाऱ्या भाषेनं एवढा वेळ हात बांधून बसायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं.

गंमत म्हणजे जून 2009 मध्ये नोडमध्ये प्रॉमिस, म्हणजे पुढे येणाऱ्या निकालाच्या जागी आधीच मिळणारी वस्तू, आले होते. फेब्रुवारी 2010 मध्ये डाल यांनी ते काढून टाकले आणि साधा दंडक उरला: कॉलबॅक शेवटी द्यायचा, आणि त्याच्या हाती आधी चूक, मग मजकूर पडणार. चुकीला पहिला मान मिळाला तो उगाच नाही. डिस्कचं उत्तर येईतो फाइल मागणारं फंक्शन संपून गेलेलं असतं. मग त्याच्याभोवती घातलेल्या ट्राय-कॅचच्या जाळ्यात काय सापडणार?

खरी कसोटी तीन फायलींची. लूप फिरवून तिन्ही मागितल्या की लूप लगेच संपतो, आणि उत्तरं वाटेल त्या क्रमानं येतात. आली तशी यादीत ढकलली तर दुसरीचा मजकूर पहिलीच्या जागी बसतो. म्हणून प्रत्येक उत्तर आपापल्या क्रमांकाच्या खणात ठेवायचं, आणि एक मोजणी धरायची: उत्तर आलं की एक कमी, शून्य झालं की शेवटचा कॉलबॅक. दोन फायली चुकल्या तर तो दोनदा वाजू नये, म्हणून वेगळी खूण लागते. यादीच रिकामी असेल तर एकही उत्तर येणार नाही, मोजणी हलणारच नाही, आणि प्रोग्राम तोंडातून शब्द न काढता संपतो. त्यात भर लूपच्या आय या क्रमांकाची: तो व्हारनं लिहिला असेल, तर उत्तरं येतात तेव्हा तिन्ही कॉलबॅकना 3 च दिसतो. 2015 मध्ये व्हारऐवजी वापरायचा लेट आल्यावर यातून सुटका झाली.

ही मोजणी ज्यानं त्यानं हातानं लिहायची, हे फार दिवस चालण्यासारखं नव्हतं. 2010 मध्ये केओलन मॅकमहोन यांची असिंक ही लायब्ररी आली, आणि तिनं मोजणी आपल्या पोटात घेतली. 2015 च्या प्रमाणात प्रॉमिस.ऑल आलं, 2017 मध्ये असिंक-अवेट. 2018 मध्ये डाल यांनी, पुन्हा बर्लिनच्याच मंचावर, प्रॉमिस काढल्याची खंत बोलून दाखवली. मला तो कबुलीजबाब मोठ्या मनाचा वाटतो. तरी कॉलबॅकनं केलेलं काम कमी लेखू नये. त्यानं पाडलेल्या वाटेवरूनच हे सगळे आले.

तळाशी एक अडचण मात्र आजही तीच आहे. नोडखालची लिबयूव्ही ही लायब्ररी फायलींच्या कामाला मुळात चारच धागे देते, आणि एका प्रोग्रामनं किती फायली उघड्या ठेवायच्या यावर ऑपरेटिंग सिस्टिमची मर्यादा असते. हजारो फायली एकदम मागितल्या की ईएमफाइलची, म्हणजे फार फायली उघड्या असल्याची, चूक येते. अशा वेळी असिंक लायब्ररीतलं मॅपलिमिट वापरून ठरावीक फायलीच एका वेळी हाती घ्याव्या लागतात.