साष्टीच्या खाड्यांवरील तरी

आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहिताना आपण कुलदैवते, देवळे, धर्मशाळा आणि दानशूर पुरुष यांची नोंद आवर्जून करतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या वाटांनी आपले पूर्वज एका गावाहून दुसऱ्या गावी गेले आणि ज्या वाटांनी लेकी सासरी गेल्या, त्या वाटांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आजची उपनगरे ज्या साष्टीत वसली, ती साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचे बेट होय. आगगाडीतून ये-जा करणाऱ्या नव्या पिढीस आपण बेटावर राहतो याची जाणीवही उरलेली नाही. बेटावरून बाहेर पडावयाचे तर पाणी ओलांडावे लागे, आणि ते काम तर करीत असे.

उतारू व माल यांना खाडीपार नेणाऱ्या होडीस आपल्याकडे ‘तर’ म्हणत; वडीलधारी माणसे आजही ‘तर चुकली’ असे म्हणतात. रेल्वेने ज्यास ‘उतारू’ हे नाव दिले, तो शब्दही पार उतरून जाणाऱ्या माणसाचाच आहे. भाषेने जपलेली ही आठवण इतिहासानेही जपावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे १७३७ साली आली आणि १७७४ साली इंग्रजांनी ती घेतली. राज्ये बदलली तरी मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधील पाणी तसेच राहिले. शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांध गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत, १८०५ साली पुरा झाला. पश्चिमेकडे मात्र माहीम व वांद्रे यांच्या दरम्यान आणखी चाळीस वर्षे होडीवाचून गत्यंतर नव्हते. तेथे ओहोटीस गाळ आणि पावसाळ्यात उसळते पाणी, अशा दुहेरी संकटातून उतारूंना जावे लागे. होड्या उलटत, माणसे दगावत. कंपनी सरकार बांधासाठी पैसा देण्यास तयार होईना, तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि या वाटेवर कोणाकडूनही पट्टी घेऊ नये अशी अट घातली. १८४५ साली बांध खुला झाला. त्या उदार स्त्रीचे नाव माहीमच्या रस्त्यास आहे, व ते असलेच पाहिजे. परंतु त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या भरतीओहोटीशी झगडून माणसे पार नेणाऱ्या एकाही तांडेलाचे नाव तेथे कोठे कोरलेले नाही. बांधणाऱ्याचे नाव राहते, वल्हवणाऱ्याचे राहत नाही, हा जगाचा न्याय आहे.

तरीस सरकारी शिस्त लागली ती १८६८ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने. सार्वजनिक तरींवर सरकारी देखरेख आली. तरीचा मक्ता लिलावाने देण्याची आणि दर ठरवून देण्याची पद्धत पडली. मक्तेदाराने पैसे भरावयाचे व उतारूंकडून वसूल करावयाचे, असा तो व्यवहार होता. उत्पन्न सरकारचे, नफातोटा मक्तेदाराचा आणि जिवाची जोखीम तांडेलाची, अशी ती वाटणी होती.

आता तरीच्या प्रत्यक्ष कामाकडे वळू. तर घड्याळावर चालत नसे, ती तिथीवर चालत असे. तिथीच्या अंकास पाऊणपट केले म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते, हा आपल्या किनाऱ्यावरील जुना ठोकताळा आहे. चतुर्थीस सुमारे तीन वाजता, अष्टमीस सुमारे सहा वाजता भरती भरते, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पुरी ओहोटी लागते. आम्ही वर्गात अपूर्णांक शिकवीत असता हाच हिशेब मुलांना घालीत असू. खाडीपलीकडून येणारी मुले ते उत्तर सर्वांआधी देत. कारण त्यांना ते पुस्तकात शोधावे लागत नसे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी धक्क्याशी चढे व प्रवाहास जोर येई, तर अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी मंद असे. ओहोटीस होडी धक्क्यापर्यंत येऊ शकत नसे. मग चपला हातात घेऊन गुडघाभर चिखलातून चालावे लागे, नाहीतर फळ्या टाकून वाट करावी लागे. तांडेल सुकाणूवर बसे. खलाशी पाण्याच्या खोलीप्रमाणे कधी वल्ही मारीत, कधी बांबू रोवून होडी रेटीत. वारा अनुकूल असल्यास शीड उभारीत. पुढे यंत्राच्या होड्या आल्या आणि शीड गेले. परंतु गाळ, प्रवाह आणि वारा यांचे ज्ञान यंत्राबरोबर विकत मिळत नाही, ते तांडेलाकडेच राहिले.

उतारूंइतकाच माल महत्त्वाचा होता. पहाटेच्या तरीत मासळीच्या पाट्या, सुक्या बोंबलांचे भारे, भाजीच्या टोपल्या आणि नारळ असत. परतीच्या तरीत धान्याची पोती, रॉकेलचे डबे, कापड आणि बर्फ. वजन दोन्ही बाजूंस सारखे वाटून बसविणे ही तांडेलाची विद्या होती. कोणास कोठे बसवावे हे तो ठरवी, आणि त्या बाबतीत सावकार व मजूर यांत भेद नसे. पूर्वेकडे मुलुंड-भांडुपच्या मिठागरांचे मीठ पडावांतून जाई. ठाण्याच्या खाडीपार वाशीकडे जाण्यासही १९७३ च्या सुमारास पूल होईपर्यंत होडीचाच आधार होता.

आपल्या ज्ञातीस तरीचे ऋण अधिक आहे. आपली घरे खाड्यांच्या दोन्ही तीरांवर विखुरलेली आहेत. जुन्या सोयरिकींचा नकाशा काढावयास बसल्यास तो बहुतांशी तरींच्या मार्गांचाच नकाशा होईल. वऱ्हाड तरीने गेले, बाळंतपणास लेक तरीने माहेरी आली, आजारी माणूस तरीनेच डॉक्टरांकडे नेला. मध्यरात्री हाक मारल्यावर भाड्याचा विचार न करता होडी सोडणारे तांडेल बहुधा कोळी बांधव असत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, पण आपल्या प्रत्येक घरच्या सुखदुःखाचे साक्षीदार होते.

ही तर अद्याप संपलेली नाही. वेसावे–मढ, मार्वे–मनोरी आणि बोरिवली–गोराई या तिन्ही ठिकाणी होड्या चालू आहेत. शाळकरी मुले, मासळीवाल्या, कारकून आणि फळीवरून चढविलेल्या मोटारसायकली त्यांतून पार होतात. एरंगळच्या जत्रेस जानेवारीत भाविकांची गर्दी मढच्या तरीवर लोटते. १९८९ साली गोराईस करमणुकीचे उद्यान झाले, २००९ साली विपश्यनेचा भव्य पॅगोडा खुला झाला. दोन्हींच्या यात्रेकरूंना होडीनेच वाट दिली. त्यांपैकी उद्यान पुढे बंद पडले, होडी चालू राहिली. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई व भाईंदर यांच्यामध्ये मोटारी वाहून नेणारी नवी फेरी सुरू झाली, म्हणजे रेल्वेचा पूल असलेल्या खाडीवरही तरीची गरज संपली नव्हती.

तथापि वेसावे आणि मढ यांच्यामध्ये पूल बांधण्याची योजना मुंबई महानगरपालिकेने हाती घेतली आहे. होडीने काही मिनिटांत होणारे अंतर सडकेने मालाडवरून सुमारे बावीस किलोमीटर पडते. आजारी माणसास वाऱ्यापावसात होडीची वाट पाहत बसावे लागू नये, म्हणून पूल हवाच. त्यास विरोध करणे शहाणपणाचे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, माहीमला जे घडले ते येथे घडू नये. पुलाच्या कोनशिलेवर नावे येतीलच. ज्यांनी पुलाआधी माणसे पार केली, त्यांची नावे लिहून ठेवण्याचे काम कोनशिलेचे नाही, ते आपले आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र विनंती आहे. आपल्या घरी ऐंशी-नव्वदीच्या आज्या-आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ बसून विचारावे : आपण कोणत्या तरीने आलात? भाडे किती पडे? तांडेलाचे नाव काय होते? लग्नाच्या वऱ्हाडास किती होड्या लागल्या? जे उत्तर मिळेल ते तारीख घालून वहीत लिहावे आणि एक प्रत संघाच्या कार्यालयात द्यावी. पुढील स्मरणिकेत ती नावे छापता आली, तर ज्या माणसांनी आपल्या पूर्वजांना कोरडे पार उतरविले, त्यांच्या ऋणातून आपण थोडेतरी उतराई होऊ.