डेम्लो संख्या व कापरेकरांचे अंकशास्त्र

गणितातील संज्ञा बहुधा संशोधकाच्या नावावरून अथवा गुणधर्मावरून रूढ होतात. रेल्वे स्थानकावरून संख्येस नाव मिळाल्याचे उदाहरण विरळाच. नाशिक जिल्ह्यातील देवळाली येथील शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत अध्यापन करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ते नाव दिले. त्यांचा जन्म डहाणूचा व कर्मभूमी देवळाली. जव्हारचा डोंगराळ मुलूख या दोहोंच्या दरम्यान येतो. 'डेम्लो' म्हणजे आजचे डोंबिवली होय. तेथे या संख्यांची कल्पना त्यांना सुचली, म्हणून त्या 'डेम्लो संख्या' झाल्या.

नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हा आहे. अंक चढत ९ पर्यंत जातात व त्याच क्रमाने उतरतात. अंकांची बेरीज ८१ होते आणि संख्येस ८१ ने निःशेष भाग जातो. कारण १११११११११ = ९ × १२३४५६७९; वर्ग करताच ९ चे ८१ होतात. ज्या संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी, असे संस्कृत नाव दिले. प्रस्तुत संख्या हर्षदही ठरते.

आणखी एक १ वाढविताच ही रचना मोडते. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. येथे अंकांची बेरीज ८२. संख्या विषम असल्याने तिला ८२ ने भाग जाणे शक्य नाही. तथापि याच ठिकाणी दुसरा गुण प्रकट होतो. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५; अशा संख्यांना आज 'कापरेकर संख्या' म्हणतात. वरील वर्गाचे शेवटचे दहा अंक वेगळे केल्यास १२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११, म्हणजे मूळ संख्याच मिळते.

हे सर्व दशमान लेखनाचे चमत्कार आहेत, संख्येचे धर्म नव्हेत, अशा समजुतीने कापरेकरांचे कार्य भारतीय गणितज्ञांत दीर्घकाळ क्षुल्लक लेखले गेले. हा आक्षेप तपासून पाहता येतो. अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच लिहिला जातो व तोही हर्षद असतो. त्रिमान पद्धतीत १११ म्हणजे आपले १३; त्याचा वर्ग १६९ तेथे २००२१ असा लिहितात. त्याचे २० व ०२१ असे भाग, म्हणजे आपले ६ व ७, मिळून पुन्हा १३ होतात. सामान्यतः पाया कोणताही असो, पायाहून एक कमी इतके एक घेतल्यास वर्ग हर्षद येतो व पायाइतके एक घेतल्यास कापरेकर संख्या मिळते. अर्थात लिपी बदलली तरी नियम टिकतो.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोचले. तेव्हा त्यांना शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. त्यांच्या 'स्वयंसंख्यां'ना आज 'देवळाली संख्या' असेही म्हटले जाते.