घराचा उंबरठा आणि सरकारचा कायदा

मुलीचे लग्न कोणत्या वयात व्हावे, तिने शाळेत काय शिकावे आणि शरीराविषयी वर्गात बोलावे की नाही, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत असे आपण समजून चालतो. पुण्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ते एकाच वादाचे तीन फाटे असल्याचे दिसते. प्रत्येक वेळी वादाचा मथळा एकच राहिला : सरकारला घराचा उंबरठा ओलांडण्याचा अधिकार आहे काय? हा मथळाच फसवा होता, असे या लेखात मांडायचे आहे. सरकार घरात केव्हाच शिरलेले होते. प्रश्न होता तो एवढाच, की आत गेल्यावर ते कोणाच्या बाजूने उभे राहते.

१८८४ हे साल या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरील आपली टिपणे प्रसिद्ध करून देशभर खळबळ उडवून दिली. त्याच वर्षी रानडे, भांडारकर प्रभृतींच्या पुढाकाराने पुण्यात मुलींची हायस्कूल सुरू झाली, तीच आजची हुजूरपागा. शाळेवर टीका करणाऱ्यांत टिळक अग्रभागी होते. मुलींना मुलांसारखाच अभ्यासक्रम, इंग्रजी आणि दिवसभराचे तास कशासाठी, असा त्यांचा आक्षेप होता. वरवर पाहता हा वेळापत्रकाचा वाद. पण अकराव्या-बाराव्या वर्षी सासरी जाणाऱ्या मुलीला दिवसभराच्या शाळेत बसताच येत नाही. शाळेचे तास वाढवणे म्हणजे लग्नाचे वय वाढवणे, हे दोन्ही पक्षांना पक्के ठाऊक होते.

मुंबईच्या उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाईंविरुद्ध दावा लावला तोही १८८४ सालीच. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झालेले, पण त्या नांदायला गेल्याच नव्हत्या. 'वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना' अशी दादाजींची मागणी होती. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्लंडच्या कायद्यातून इकडे आलेला आहे, आणि तिथेही जी स्त्री कधी नांदलीच नाही तिला प्रथमच नवऱ्याकडे धाडण्याचा दाखला नाही, असे त्यांनी दाखवून दिले. अपिलात हा निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

धर्मरक्षणाच्या नावाने बहुतेक सनातनी पत्रे आणि टिळकही रखमाबाईंच्या विरोधात उभे राहिले. त्यांना जो हक्क वाचवायचा होता तो मूळचा इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतला. खुद्द इंग्लंडने या कारणासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ मध्येच रद्द केली होती. म्हणजे परक्या सरकारचा परका कायदा, परक्या न्यायाधीशाच्या हातून, एका हिंदू घरात चालवायला कोणाची हरकत नव्हती. कारण तो नवऱ्याच्या बाजूचा होता. १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली.

हेच चार वर्षांनी संमतिवयाच्या वादात पुन्हा दिसले, फक्त बाजू उलटून. १८६० च्या दंडसंहितेत संमतीचे वय दहा होते आणि ते पत्नीलाही लागू होते. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पस्तिशीच्या नवऱ्याने केलेल्या संभोगामुळे मरण पावली. तिला दहा वर्षे पूर्ण झाली होती, म्हणून बलात्काराचे कलम लागू झाले नाही. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी वय बारा करणारे विधेयक मांडले आणि १९ मार्चला ते मंजूर झाले.

त्या दोन-अडीच महिन्यांत पुणे ढवळून निघाले. ऋतुप्राप्तीनंतर ठरलेल्या दिवसांत गर्भाधान झालेच पाहिजे, बारा वर्षांची अट घातली तर धर्म बुडेल, असे विरोधकांचे म्हणणे. भांडारकरांनी शास्त्रवचनांच्याच आधारे दाखवले, की गर्भाधान लांबवल्याने दोष लागत नाही. न्यायमूर्ती तेलंग यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढणारे आगरकर तर म्हणत, की शास्त्र काढण्याची गरजच नाही. मुलीचा जीव एवढे कारण पुरेसे आहे. सुधारकांची सभा दंगा करून उधळली गेली.

टिळकांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. कायद्याला विरोध करतानाच त्यांनी एक स्वेच्छेचा करार सुचवला होता. मुलीचे लग्न सोळाच्या आणि मुलाचे विसाच्या आत करू नये, चाळिशीनंतर लग्न करायचेच तर विधवेशी करावे, अशी त्याची कलमे होती. सोळा हे वय कायद्याच्या बारापेक्षा कितीतरी पुढचे. समाजाने स्वतः सुधारावे, परक्यांच्या हातून नको, हा विचार गुलाम देशात हास्यास्पद म्हणता येत नाही. पण ज्या मुलीचा बाप असा करार करणार नाही तिचे काय, याला त्या विचारात उत्तर नव्हते. वाद शास्त्री, वकील आणि संपादक यांच्यात चालला. मुलींच्या शरीरावर झालेल्या इजांची यादी सरकारपुढे ठेवणारा अर्ज भारतातल्या पंचावन्न स्त्री-डॉक्टरांनी केला होता. पुण्याच्या वादात त्याच्यापेक्षा धर्मग्रंथांतल्या श्लोकांवर अधिक शाई खर्च झाली.

सदाशिव-शनिवार पेठांत हे चालू असताना सिंहगडाच्या वाटेवरचे धायरी हे शहराबाहेरचे शेतकऱ्यांचे गाव होते. कायदा तिथल्या मुलींनाही लागू होणार होता, पण गर्भाधानाचा काथ्याकूट करणाऱ्यांना अशा गावांचे सोयरसुतक नव्हते. ते ठेवले जोतीराव फुल्यांनी. मलबारींच्या टिपणांवर मत देताना १८८४ मध्ये त्यांनी सुचवले होते, की एकोणीस वर्षांच्या आतील मुलाचे आणि अकरा वर्षांच्या आतील मुलीचे लग्न होऊ देऊ नये. केल्यास आईबापांवर कर बसवावा आणि तो पैसा मध्यम व खालच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च करावा. लग्नाचा कायदा आणि शाळा ही एकाच गाडीची दोन चाके आहेत, हे इतक्या स्वच्छपणे त्या काळी दुसऱ्या कोणी सांगितल्याचे दिसत नाही.

परकेपणाचा मुद्दा किती टिकाऊ होता, याची परीक्षा बडोद्यात झाली. सयाजीराव गायकवाडांनी १९०४ मध्ये मुलीसाठी बारा आणि मुलासाठी सोळा वर्षांची अट घालणारा कायदा केला आणि दोनच वर्षांत राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. राजा आपला, धर्म आपला. तरीही विरोध झालाच आणि दंड भरून लग्ने लागत राहिली. पुढे मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभर साक्षी घेतल्या. १९२९ चा शारदा कायदा झाला, वय चौदा आणि अठरा ठरले. पण झालेले लग्न मात्र वैधच राहिले.

लग्नाचे वय वाढले तसा वाद शरीराच्या ज्ञानाकडे सरकला. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले, त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये चाललेल्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही दंड झालाच. २००७ मध्ये महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर विधिमंडळात गदारोळ होऊन सरकारने तो थांबवला. घरात शिरू नका असे सरकारला सांगणारेच आता त्याला सांगत होते, की वर्गाचे दार लावून घ्या.

ऑक्टोबर २०१७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. धायरी गाव पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. आणि सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की अठरा वर्षांखालील पत्नीशी संभोग हा बलात्कारच होय. तोवर कायद्यात पत्नीपुरते वय पंधरा होते. फुलमणीच्या मृत्यूने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळायला १२७ वर्षे लागली.

पण कायदा एकाच दिशेने चालत नाही. रखमाबाईंविरुद्ध वापरलेला दावा १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आजही आहे. तुरुंग गेला, मालमत्तेची जप्ती उरली. अल्पवयीनांच्या रक्षणाचा कायदा स्वतःच्या मर्जीने पळून गेलेल्या मुलीला परत आणण्यासाठीही आईबाप वापरतात. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समिती नेमली आणि टीका झाल्यावर त्यातून आंतरजातीय विवाह वगळले. माहेराशी तुटलेल्या मुलींना मदत, असा तिचा जाहीर हेतू. पण नाव नोंदवले जावे की नाही, हे त्या मुलीला कोणी विचारले?

म्हणून असा कायदा पुढे आला की तो धर्मविरोधी आहे की पुरोगामी, हे नंतर ठरवावे. आधी पाहावे, की तो वापरण्याची किल्ली कोणाच्या हातात दिली आहे : नवऱ्याच्या, बापाच्या, अधिकाऱ्याच्या की खुद्द त्या मुलीच्या. १८८७ मध्ये रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या, त्या याच किल्लीसाठी.