सिगारेटच्या यंत्रातील सिरॅमिकचे पाते

कारखान्यात सिगारेट एकेक करून वळली जात नाही. कागदाची अखंड पट्टी, तीवर बसवलेला तंबाखूचा थर, कडेला ओढलेली डिंकाची रेघ आणि हे सारे गुंडाळून पुढे नेणारा पट्टा, यांतून एक न संपणारी कांडी बाहेर पडत असते. त्या कांडीच्या सिगारेटी होतात त्या पात्याखाली. काप स्वच्छ पडला नाही, तर कागदाची कड फाटते, टोकातून तंबाखू गळतो आणि तपासणीच्या ठिकाणी यंत्र तो नग आपणहून बाहेर टाकते. यंत्र किती वेगाने चालवता येईल, हे म्हणूनच बऱ्याच अंशी पात्याच्या धारेवर ठरते. या कामातील काही जागांवर पोलादाऐवजी सिरॅमिकची, मुख्यतः झिर्कोनियाची, पाती वापरात आली आहेत. चिनी मातीच्या कपबशीशी त्यांचे नाते आहे, पण फारच दूरचे.

या वेगाची कथा अमेरिकेत सुरू होते. रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर या कंपनीने सिगारेट वळणाऱ्या यंत्रासाठी ७५ हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. व्हर्जिनियातील जेम्स बॉन्सॅक या तरुणाने तसे यंत्र बनवले आणि मार्च १८८१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. अखंड कांडी तयार करून ती फिरत्या पात्याने कापायची, ही त्यातील मुख्य कल्पना होती. आजची यंत्रेही त्याच कल्पनेवर चालतात. ज्या कंपनीने बक्षीस लावले होते, तिने मात्र हे यंत्र स्वीकारले नाही. ते स्वीकारले डरहॅम येथील जेम्स ब्यूकॅनन ड्यूक याने. यंत्र वारंवार अडत असे, परंतु ड्यूकच्या कारखान्यातील विल्यम ओब्रायन या तंत्रज्ञाने ते सुधारले आणि १८८४ मध्ये ते दिवसभर सलग चालू शकले. हाताने वळणारा कुशल कारागीर मिनिटाला फार तर चार सिगारेटी करी, तर हे यंत्र सुमारे दोनशे करू लागले. ड्यूकने न्यू यॉर्कहून आणलेल्या ज्यू स्थलांतरित कारागिरांना काही वर्षांतच डरहॅम सोडावे लागले. सिगारेट स्वस्त झाली आणि १८९० मध्ये ड्यूकच्या नेतृत्वाखाली अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापन झाली. तिच्या मक्तेदारीमुळे १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला ती कंपनी मोडण्याचा आदेश द्यावा लागला.

पुढे लंडनच्या मोलिन्स, हॅम्बुर्गच्या हाउनी आणि बोलोन्याच्या जी.डी. या कंपन्यांनी यंत्रांचा वेग वाढवत नेला. एक कांडी चालवणारी यंत्रे मिनिटाला आठ हजारांपर्यंत आणि दोन कांड्या शेजारीशेजारी चालवणारी यंत्रे वीस हजारांच्या आसपास पोहोचली. या आकड्यांमागील अडचण साध्या हिशेबाने समजते. सिगारेटमधील तंबाखूचा भाग साठ मिलिमीटर धरला, तर मिनिटाला आठ हजारांच्या वेगाने कांडी सेकंदाला आठ मीटर धावते. पाते कांडीच्या आरपार जाण्यास सेकंदाचा हजारावा भाग जरी लागला, तरी तेवढ्यात कांडी आठ मिलिमीटर, म्हणजे स्वतःच्या जाडीइतकी, पुढे सरकलेली असते. सरळ आडवे पाते फिरवले, तर काप कलमासारखा तिरका पडेल. म्हणून पाते धरणारे फिरते डोके कांडीशी कोन करून तिरपे बसवतात. त्यामुळे कापण्याच्या क्षणी पाते कांडीबरोबर तिच्याच वेगाने पुढे जाते आणि काप काटकोनात पडतो. कांडी दबू नये म्हणून तिला आधार देणारी नळीही तेवढ्यापुरती सोबत सरकते. यंत्ररचनेतील ही खरोखर देखणी युक्ती आहे. जे बनते त्याबद्दल तसे म्हणता येत नाही, हा भाग वेगळा.

कागद आणि वाळलेले पान कापण्यास इतके कठीण काय आहे, असा प्रश्न पडू शकतो. सिगारेटचा कागद सावकाश व एकसारखा जळावा म्हणून त्यात खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, भरपूर पूड घातलेली असते. तंबाखूच्या पानावर शेतातील बारीक वाळू चिकटून येते आणि वाळूतील गारगोटी पोलादालाही ओरखडे पाडते. शिवाय तंबाखूत दहा-बारा टक्के ओलावा, त्याचा स्वतःचा चिकट अर्क आणि जोडीला डिंक असतो. त्यामुळे धार एकीकडे झिजत जाते आणि दुसरीकडे तिच्यावर लेप चढतो.

कांडी कापणाऱ्या मुख्य पात्यासाठी यावर जुना उपाय आहे. पाते पातळ व लवचीक पोलादी पट्टीचे ठेवायचे आणि यंत्रातच बसवलेल्या सहाणेच्या चाकांवर ते फिरता फिरता पाजळत राहायचे. झिजेल तितके पाते यंत्र आपणहून पुढे सरकवते. येथे पाते टिकावे अशी अपेक्षाच नसते. ते पेन्सिलीसारखे संपण्यासाठीच असते. ही व्यवस्था इतकी सोयीची आहे की या जागेवरून पोलाद हटवण्याची फारशी निकड भासत नाही.

तथापि, सिगारेटच्या जन्मात काप एकच नसतो. काही रचनांत तंबाखूची कांडी आधी दुप्पट लांबीची कापून नंतर गोल पात्याने दुभागली जाते. चार किंवा सहा सिगारेटींना पुरेल एवढी फिल्टरची लांब कांडी तुकड्यांत कापावी लागते. फिल्टर आणि तंबाखू यांना जोडणाऱ्या बुचाच्या रंगाच्या कागदाचे तुकडे पाडावे लागतात. अखेर मध्ये दुहेरी फिल्टर असलेली जोडसिगारेट बरोबर मध्यावर कापली जाते. फिल्टर सेल्युलोज ॲसिटेटच्या धाग्यांचा असतो आणि ते धागे परस्परांना धरून राहावेत म्हणून त्यात ट्रायअॅसिटिन हे द्रव्य मिसळतात. बोथट पात्याखाली हे धागे तुटण्याऐवजी ओढले जातात. पाते बदलायचे तर यंत्र थांबवावे लागते आणि वीस हजारांच्या यंत्राचे एक मिनिट म्हणजे पाकिटात दहा धरल्यास दोन हजार पाकिटे. दीर्घकाळ धार धरणाऱ्या पात्याला मोल येते ते अशा जागी.

झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियम या धातूचे ऑक्साइड. जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लाप्रोट यांनी १७८९ मध्ये श्रीलंकेतून आलेल्या झिरकॉन या रत्नखड्यातून ते वेगळे काढले. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूतही झिरकॉन सापडते. शुद्ध झिर्कोनिया मात्र पात्याच्या उपयोगाचा नाही. भट्टीतून निघून थंड होताना त्याची स्फटिकरचना बदलते, तो फुगतो आणि स्वतःच तडकतो. त्यात थोडा यट्रिया मिसळला, तर उच्च तापमानाची रचना थंडीतही टिकून राहते. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतील गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी १९७५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, अशा झिर्कोनियात तडा जाऊ लागला की तड्याच्या टोकापाशी स्फटिक रचना बदलून फुगतात आणि तड्याला दाबून धरतात. ज्या फुगण्याने पदार्थ फुटत होता, तेच फुगणे त्याला वाचवू लागले. स्वयंपाकघरातील पांढरी सिरॅमिक सुरी १९८४ मध्ये जपानच्या क्योसेरा कंपनीने बाजारात आणली. तीही याच कुळातली.

पाते बनवताना अतिशय बारीक भुकटी दाबून आकार देतात आणि तो चौदाशे ते पंधराशे अंश सेल्सिअसला भाजतात. भाजताना प्रत्येक बाजू सुमारे पाचवा हिस्सा आकसते, म्हणून आधीचा आकार त्या हिशेबाने मोठा ठेवावा लागतो. मग हिऱ्याच्या चाकावर धार काढतात, कारण दुसऱ्या कशाला हे काम नीट साधत नाही. तयार पाते कडक केलेल्या पोलादापेक्षा बरेच कठीण असते, पण टंगस्टन कार्बाइडहून कठीण नसते. ‘सिरॅमिक म्हणजे सर्वांत कठीण’ ही समजूत म्हणून सोडून द्यावी. त्याचे खरे गुण वेगळे आहेत. ते गंजत नाही, त्याच्यावर चिकट लेप कमी बसतो, कण बारीक असल्याने धार एकसारखी येते आणि ते वजनाला हलके असते. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठ पट, टंगस्टन कार्बाइडची पंधरा पटीच्या आसपास, तर झिर्कोनियाची सहा पट आहे. वेगाने फिरणाऱ्या डोक्यावर हा फरक मोठा ठरतो.

दोषही तितकेच ठळक आहेत. यट्रियाने चिवट केलेला झिर्कोनिया पोलादाच्या मानाने ठिसूळच राहतो. पात्याला धातूचा निसटता स्पर्श झाला किंवा बसवताना ते किंचित वाकडे आवळले गेले, तरी धारेचा टवका उडतो. टवका उडालेले पाते यंत्रातील सहाणेवर सावरता येत नाही. शिवाय तो तुकडा धातूचा नसल्याने धातुशोधक यंत्राला सापडत नाही. म्हणून पाती बसवणाऱ्याचा हात येथे पात्याइतकाच महत्त्वाचा असतो.

या वेगाचे माप महाराष्ट्रात विडीशी ताडून पाहता येते. सोलापूर, सिन्नर किंवा गोंदिया-भंडारा भागातील विडी कामगार स्त्री टेंभुर्णीच्या पानावर पत्र्याचा साचा ठेवून साध्या कात्रीने पान कापते. दिवसाकाठी हजार विड्या हा तिच्या कामाचा ढोबळ हिशेब, आणि मजुरीही हजारी दराने ठरते. अशा वीस जणींचे दिवसभराचे काम सिगारेटचे यंत्र संख्येने एका मिनिटात उरकते. केंद्रीय उत्पादन शुल्काच्या काळात यंत्राविना वळलेल्या विडीवर यंत्राच्या विडीपेक्षा कमी आकारणी होती, यामागे या हातांना काम राहावे हा विचार होता. आरोग्याच्या दृष्टीने विडी सिगारेटहून सौम्य नाही. तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एवढ्या वेगाचे यंत्र चोरट्या धंद्याच्या हाती पडले, तर काय होईल, याची काळजी सरकारांना असते. तंबाखूच्या अवैध व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २०१२ मध्ये सोल येथे संमत झाला आणि २५ सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. भारत जून २०१८ मध्ये त्यात सामील झाला. या करारानुसार तंबाखूच्या वस्तूंप्रमाणेच त्या बनवणाऱ्या यंत्रांचे उत्पादन, आयात आणि निर्यात यांनाही परवाना लागतो. करारात यंत्र म्हणजे केवळ तंबाखूच्या वस्तू बनवण्यासाठी घडवलेली आणि त्या प्रक्रियेचा अविभाज्य भाग असलेली यंत्रसामग्री, अशी व्याख्या आहे. झिर्कोनियाची पाती कागद, कापड आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापण्यासाठीही बनतात. पाते हातात घेऊन ते कोणत्या यंत्रात जाणार, हे सांगणे म्हणूनच सीमाशुल्क अधिकाऱ्याला सोपे नसते.