दिवाणांची सूचना आणि घरोघरची तसबीर

कुंभकोणम् म्हटले की महामहम् तलाव, देवळांची गोपुरे आणि कावेरीकाठचे विड्याच्या पानांचे मळे डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु मराठी घरांच्या भिंतींवरील तसबिरींशीही या गावाचे नाते आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानी असते.

व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिल्यानंतर त्या प्रांती जी मराठी कुटुंबे स्थिरावली, त्यांपैकी एका कुटुंबात, कुंभकोणम् येथे, १८२८ साली टी. माधवराव यांचा जन्म झाला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषविले. राजा रविवर्मा यांच्या चित्रांना जिकडून तिकडून मागणी येऊ लागली, तेव्हा एकट्या चित्रकाराच्या हातून ती पुरी होणे अशक्य आहे, हे या व्यवहारदक्ष पुरुषाने ओळखले. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ छापवून घ्यावेत, त्याने कीर्तीही वाढेल आणि देशाची सेवाही घडेल, असे त्यांनी रविवर्म्यांस पत्राने सुचविले. १८९१ साली माधवराव निवर्तले. पुढे १८९४ साली छापखाना निघाला, तो मात्र युरोपात नव्हे, आपल्या मुंबईत. आणि पहिले चित्र छापले गेले ते शकुंतलेच्या जन्माचे.

या छपाईत प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागे. रंगावर रंग बरोबर बसला आणि वर रोगणाचा हात फिरला, म्हणजे कागदावर तैलचित्राचा भास होई. देवादिकांबरोबर प्रेमिकांनाही या चित्रांनी घरात आणले. पायातील काट्याचे निमित्त करून मागे वळून पाहणारी शकुंतला आणि हंसाच्या तोंडून नलाची वार्ता ऐकणारी दमयंती यांना वडीलधाऱ्यांसमोर भिंतीवर टांगण्यास कोणाचा आक्षेप नव्हता. पतीचे नाव उखाण्यातूनच घ्यावयाचे, अशा त्या काळी नवपरिणीत जोडप्यास अशी तसबीर म्हणजे न बोलता बोलण्याची सोयच होती.

आज प्रिय व्यक्तीस मर्यादित आवृत्तीचे मुद्राचित्र भेट देण्याची रीत आली आहे. पन्नासच प्रती काढावयाच्या, प्रत्येकीखाली चित्रकाराने पेन्सिलीने सही करून ७/५० असा अंक घालावयाचा, आणि मग पुन्हा छपाई होऊ नये म्हणून ठसा खोडून टाकावयाचा. अशा चित्राचे मोल त्याच्या दुर्मीळतेत असते. रविवर्म्यांच्या छापखान्याचा हेतू नेमका उलट होता; चित्र जितक्या घरी पोहोचेल तितके हवे होते. मग जी वस्तू शेजारच्या भिंतीवरही आहे, ती प्रेमाची भेट कशी ठरावी?

याचे उत्तर घरातील स्त्रियांनी सुईदोऱ्याने दिले. छापील लक्ष्मीला वा दमयंतीला कापडाचे लुगडे नेसवावे, त्यावर जर टाचावी, टिकल्या आणि मणी जडवावेत, असा उद्योग कित्येक घरांतून चाले. तंजावरी चित्रात फळीवर उठाव देऊन सोन्याचा वर्ख आणि खडे बसवितात. कागदावरच्या या जरीकामाची जात त्याच्याशी जुळणारी आहे. हजारांतील एक प्रत अशा रीतीने एकुलती एक होई. आमच्या मते खरी मर्यादित आवृत्ती ती हीच, कारण तिच्यावर अंक नसला तरी एका माणसाने दुसऱ्यासाठी वेचलेला वेळ आहे.

मुंबईहून पुढे मळवलीस गेलेला तो छापखाना १९७२ साली आगीत भस्मसात झाला. म्हणून ज्या तसबिरी घरोघर उरल्या आहेत, त्याच आता या इतिहासाचा मोठा पुरावा होत. घर बदलताना काच फुटली, कागद पिवळा पडला, एवढ्यासाठी त्या रद्दीत जाऊ नयेत. चौकटीची मागची बाजू अवश्य पाहावी. तेथे कोणी कोणास, कोणत्या प्रसंगी दिली, याची एखादी ओळ असू शकते.

आणि आज आपल्या जोडीदारास मुद्राचित्र द्यावयाचे झाल्यास अंक व सही पाहून जरूर घ्यावे. परंतु चौकटीमागे दोन नावे आणि तिथी मराठीत लिहून ठेवावी. आपण दूरदेशी राहणारी माणसे. पुढच्या पिढीला त्या चित्राची किंमत बाजार सांगेल, पण ते कोणी कोणासाठी आणले होते, हे त्या ओळीखेरीज दुसरे कोण सांगणार?