गिअरबॉक्स आधी, अश्वशक्ती नंतर

स्पोर्ट्स कारमध्ये फेरफार करायचे ठरले की हौशी मालकाचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते. परंतु इंजिनात निर्माण झालेली ताकद चाकांपर्यंत नेण्याचे काम गिअरबॉक्स करतो. तो कोणत्या प्रकारचा आहे आणि किती ताण सोसू शकतो, याचा विचार आधी केला नाही, तर वाढवलेली अश्वशक्ती रस्त्यावर उतरण्याऐवजी क्लचमध्येच जळून जाते. टोयोटाच्या 'सुप्रा' या मोटारीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

सुप्राचा धडा

१९९३ साली आलेल्या चौथ्या पिढीच्या सुप्रामध्ये दोन टर्बोचार्जर असलेले तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे 'टूजेझेड-जीटीई' इंजिन होते. जपानी उत्पादकांनी आपसात पाळलेल्या मर्यादेमुळे तेथे त्याची शक्ती २८० अश्वशक्ती नोंदवली जात असे. अमेरिकेत ती ३२० होती. मात्र या इंजिनाचा बिडाचा ब्लॉक इतका भक्कम निघाला, की मूळ ब्लॉक कायम ठेवून दुपटीहून अधिक शक्ती मिळवणे तंत्रज्ञांना शक्य झाले.

टर्बो सुप्रासोबत दोन पर्याय मिळत : जर्मनीतील गेट्राग कंपनीचा सहा गिअरचा मॅन्युअल आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक. मोठी ताकद सहज पेलणारा म्हणून गेट्रागचा लौकिक झाला. अनेकांनी ऑटोमॅटिक सुप्राचे रूपांतर मॅन्युअलमध्ये करून घेतले. त्यासाठी केवळ गिअरबॉक्स बदलून भागत नाही. क्लचचे पेडल, त्याची हायड्रॉलिक यंत्रणा, फ्लायव्हील आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक यांनाही हात लावावा लागतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात मूळ मॅन्युअल टर्बो सुप्राला आजही अधिक किंमत येते, याचे एक कारण हेच.

तीन प्रकार, तीन मर्यादा

मॅन्युअलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांना क्लचप्लेट केवळ घर्षणाने जोडते. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तिच्या पकडीपेक्षा वाढला की क्लच घसरतो, तापतो आणि झिजतो. अधिक पकडीचा क्लच बसवता येतो. पण बहुधा पेडल जड होते आणि वाहतूक कोंडीत पायाची परीक्षा पाहते.

पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये ही जोडणी टॉर्क कन्व्हर्टरमधील तेलामार्फत होते. गाडी निघताना तो टॉर्क काही प्रमाणात वाढवतो. त्यामुळे सरळ रेषेतील शर्यतींत भक्कम केलेला ऑटोमॅटिक आजही पसंत केला जातो. त्याचा शत्रू म्हणजे उष्णता. शक्ती वाढवल्यास तेल थंड ठेवणारा जादा कूलर आवश्यक ठरतो.

तिसरा प्रकार दुहेरी क्लचचा. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. पुढचा गिअर आधीच तयार असल्याने बदल क्षणार्धात होतो. निस्सानने २००७ च्या 'जीटी-आर'मध्ये केवळ हाच प्रकार दिला. पोर्शेनेही २०१३ ची '९११ जीटी३' मॅन्युअलविना आणली. चाहते नाराज झाले. २०१६ मध्ये केवळ मॅन्युअल असलेल्या ९९१ '९११ आर' गाड्या कंपनीने काढल्या आणि २०१७ च्या जीटी३ला मॅन्युअलचा पर्याय परत दिला. सुप्राचेही तसेच झाले. २०१९ ची नवी सुप्रा आठ गिअरच्या ऑटोमॅटिकसह आली. मॅन्युअलची घोषणा २०२२ मध्ये करण्यात आली. वेगात मागे पडूनही मॅन्युअल टिकून आहे, तो गाडी स्वतः चालवल्याच्या समाधानामुळे.

फेरफारांचा क्रम

म्हणूनच जाणकार तंत्रज्ञ ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनपासून सुरुवात करतात. त्यानंतर इंजिनाची शीतनव्यवस्था, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर, आणि शेवटी शक्तिवाढ. टर्बोचा दाब वाढवताना इंधनाचा पुरवठा तेवढाच वाढला नाही, तर सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होऊन पिस्टन निकामी होऊ शकतो.

आपल्याकडे कायद्याचा प्रश्न याहून मोठा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

त्यामुळे भारतातील ग्राहकाने गिअरबॉक्सची निवड खरेदीच्या वेळीच करावी. रोजचा प्रवास शहरातील गर्दीतून असेल तर ऑटोमॅटिक, घाटरस्त्यांवर गाडी चालवण्याचा आनंद हवा असेल तर मॅन्युअल. इंजिनाची ताकद नंतर वाढवण्याचा विचार एकवेळ करता येईल. चुकीचा निवडलेला गिअरबॉक्स बदलणे मात्र खर्चाचे, किचकट आणि आपल्याकडे कायद्याच्या कचाट्यात नेणारे ठरते.