प्रजेपासून नागरिकापर्यंत : भारतीय नागरिकत्वाचा अर्थ

छत्रपती संभाजीनगर : १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. येथील माणूस भारताचा नागरिक नव्हता. तो निजामाची प्रजा होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्राम आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई यानंतर १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी या दिवशी होणारे ध्वजवंदन त्याचेच स्मरण होय. मात्र मुक्तीने प्रजेचा आपोआप नागरिक झाला नाही. ते काम राज्यघटनेने केले.

घटनेने दिलेला दर्जा

२६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली आणि हैदराबाद हे भारताचे एक घटक राज्य ठरले. घटनेच्या पाचव्या अनुच्छेदानुसार, भारतात अधिवास असलेली व्यक्ती येथे जन्मलेली असेल, तिच्या माता-पित्यांपैकी एकाचा जन्म येथे झाला असेल किंवा ती आधीची सलग पाच वर्षे येथे राहत असेल, तर ती नागरिक ठरली. धर्म, जात, भाषा वा मालमत्ता यांची अट नव्हती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मराठवाड्यातील शेतमजुराच्या आणि जहागीरदाराच्या मताचे मोल एकच होते. घटनेने नागरिकत्वही एकच मानले. राज्याचे वेगळे नागरिकत्व आपल्याकडे नाही.

नागरिकत्व कसे मिळते?

नागरिकत्व कायदा, १९५५ मध्ये पाच मार्ग आहेत : जन्म, वंश, नोंदणी, देशीयकरण आणि प्रदेशाचे विलीनीकरण. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यावर तेथील रहिवाशांना पाचव्या मार्गाने, १९६२ च्या आदेशान्वये, नागरिकत्व मिळाले.

जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे नियम कालानुरूप कडक होत गेले. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, राजनैतिक अधिकाऱ्यांची अपत्ये यांसारखे अपवाद वगळता, नागरिक आहे. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांसाठी माता-पित्यांपैकी एक जण नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा, ही अटही जोडली गेली.

देशीयकरणासाठी अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी एकूण अकरा वर्षे भारतात वास्तव्य लागते. आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञानही हवे. त्यात मराठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींसाठी अकरा वर्षांची अट पाच वर्षांवर आणली.

परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. परदेशस्थ मराठी कुटुंबांकडे असलेले 'ओसीआय' कार्ड प्रवास व वास्तव्याची सवलत देते, मताधिकार देत नाही.

हक्क कोणाचे?

सर्वच मूलभूत हक्क केवळ नागरिकांसाठी नाहीत. कायद्यापुढील समानता (अनुच्छेद १४), जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य (२१) आणि धर्मस्वातंत्र्य (२५) यांचे संरक्षण भारतातील परकीयांनाही आहे. भाषण, संघटना व संचाराचे स्वातंत्र्य (१९) आणि सरकारी नोकरीतील समान संधी (१६) मात्र नागरिकांपुरती आहे. हक्कांवर गदा आल्यास अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयात दाद मागता येते. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ पासून या शहरातच असल्याने मराठवाड्यातील नागरिकाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

कर्तव्ये

मूलभूत कर्तव्ये १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आली. तेव्हा ती दहा होती. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे अकरावे कर्तव्य २००२ मध्ये जोडले गेले. कर्तव्य मोडले एवढ्यावरून शिक्षा होत नाही. पण अनेक कर्तव्यांमागे स्वतंत्र कायदे उभे आहेत. वारशाचे जतन हे त्यांपैकी एक. वेरूळच्या लेण्यांत किंवा दौलताबादच्या किल्ल्यावर नाव कोरणे हा १९५८ च्या पुरातन वास्तू कायद्यानुसार गुन्हा आहे.

कागदपत्रांचा घोळ

आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार कायदाच सांगतो. जन्माची नोंद मात्र मोलाची आहे. ती एकवीस दिवसांत करावयाची असते आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. आजोबांच्या पिढीने झगडून मिळवलेला दर्जा नातवंडाला जन्मतःच मिळतो. त्याची वेळेवर नोंद करणे एवढे तरी पालकांच्या हाती आहे.